जुनी गरीची बोट, एक हातोडी आणि माझे एकोणीस महिने

बोट घेतली २०२३ च्या मार्चमध्ये आणि ती पाण्यात उतरली २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. घेताना मी बायकोला सांगितलं होतं की मे संपायच्या आत मासे आणतो. ती अजून ते वाक्य लोकांसमोर बोलून दाखवते.

गाव आमचं विजयदुर्गच्या बाजूला, वाघोटण खाडीवर. खडक कोरून केलेली आंग्र्यांची जुनी गोदी आहे ना गिर्येला, तिथून फार लांब नाही. म्हणजे जिथे एकेकाळी आरमाराची जहाजं दुरुस्त व्हायची तिथे मी माझी २१ फुटी फायबरची बोट घेऊन बसलो होतो आणि मला साधं माहीत नव्हतं की बोटीच्या पोटात काय असतं. लहानपणापासून खाडीत गरी टाकून तांबोशी काढलेत, पुण्यात नोकरी लागल्यावर रॉड-रीलचं वेड लागलं, पॉपिंग, जिगिंग असे खोट्या आमिषाने मासे धरायचे प्रकार सगळे शिकलो, पण ते दुसऱ्याच्या बोटीवर. आपली बोट असावी ही हौस.

गोव्यात चापोऱ्याच्या बाजूला एका यार्डात ही मिळाली. १९९८ ची, सेंटर कन्सोल, म्हणजे मधोमध सुकाणू आणि चारही बाजूंनी चालायला जागा, मासा ओढला तर त्याच्यामागे बोटभर फिरता येतं. आधी म्हणे पाहुण्यांना मासेमारीला न्यायचे, मग सहा-सात वर्षं नुसती माडाखाली पडून. मशीनसकट, म्हणजे इंजिनसकट, १ लाख ८५ हजार. वरून चकचकीत, कुणीतरी नुकताच पांढरा रंग मारलेला. आता कळतं की जुन्या बोटीवर ताजा रंग दिसला की तिथेच मागे फिरायचं. तेव्हा मात्र मला फोटो काढायची घाई झालेली.

हायड्रा क्रेनने उचलून ट्रकवर ठेवली, खाली टायर आणि गोणपाट, आणि हायवेने बांदा, कुडाळ, कणकवली करत तळेऱ्याला वळलो. वाटेत ट्रकवाल्याने त्याच्या कामासाठी वजनकाट्यावर गाडी घेतली. बोटीचं वजन मशीन सोडून १३०० किलोच्या आसपास निघालं. यार्डवाला म्हणालेला ९०० ची आहे. मी ती चिठ्ठी खिशात टाकली आणि विसरलो. ४०० किलो जास्त, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की वा, दणकट दिसते. त्या चिठ्ठीवर पुढच्या वर्षभराचं सगळं भविष्य लिहिलेलं होतं, वाचता आलं नाही इतकंच.

बोट अंगणात आली आणि मी काय केलं, तर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, मागवला. रॉड होल्डर मागवले आठ. ब्लूटूथवाला स्पीकर मागवला. एक चांगली सीट मागवली. साधारण ७० हजार असे गेले आणि ही सगळी खोकी माळ्यावर पुढे दीड वर्ष धूळ खात पडली, त्यातल्या स्पीकरची वॉरंटी तर बोट पाणी बघायच्या आधीच संपली.

फिशफाइंडरचा सेन्सर मागे बसवायचा म्हणून भोक पाडायला गावातल्या फायबर मिस्त्रींना बोलावलं. म्हातारा माणूस, हयात होड्यांवर गेलेली. त्यांनी ड्रिल हातात घेतलंच नाही. खिशातून छोटी हातोडी काढली आणि ट्रान्समवर, म्हणजे मागची भिंत जिच्यावर मशीन लटकतं तिच्यावर, टकटक करत सुटले. वरच्या कोपऱ्यात टण. जरा खाली, टण. ड्रेन प्लगच्या, म्हणजे पाणी काढायच्या भोकाच्या बुचाच्या, आजूबाजूला, जुन्या बोल्टच्या भोकांजवळ, ढब. ढब. ढब. "आवाज आयकलंस?" मी म्हटलं हो. "भायरसून बरी दिसता रे झिला, भितूर कुसली हा." मग ड्रिल घेतलं आणि आतल्या बाजूने एक भोक पाडलं. कोरडा भुसा यायला पाहिजे होता, आला चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा आणि त्याच्यामागून पाण्याची धार. सहा-सात वर्षं जमिनीवर पडलेल्या बोटीतून पाणी!

झालं काय होतं ते सांगतो, कारण सगळ्या जुन्या बोटींची हीच गोष्ट आहे. ट्रान्सम दिसायला फायबरचा पण आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरची कातडी. कातडी कुजत नाही, प्लाय कुजतं. कुणीतरी कधीतरी स्क्रू मारला, भोकात नीट सीलंट भरलं नाही किंवा घरगुती सिलिकॉन भरलं, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. त्याच्यावर शंभरेक किलोचं मशीन लटकवून लाटेत पळायचं. मिस्त्री म्हणाले असंच नेलं असतंस तर एखाद्या दिवशी मशीन तळाला आणि तू वर.

मग डेक कापला. आत स्ट्रिंगर असतात, घराला वासे तसे बोटीला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे वासे फिरले नव्हते, सरळ कुजून गेले होते, बोट घातलं की आत जायचं. आणि त्यांच्यामधल्या पोकळीत भरलेला फोम. हा फोम बोट बुडू नये म्हणून भरतात, तो पाणी पीत नाही असं म्हणतात, आणि नवा असताना खरंच पीत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला तर पितो. हाताने दाबला की स्पंजसारखं पाणी गळायचं. खोऱ्याने उपसून गोण्या भरल्या, शेजारच्या काजूवाल्याच्या काट्यावर मजेमजेत तोलल्या. फोम आणि कुजकं लाकूड मिळून ३४० किलो! तेव्हा ती चिठ्ठी आठवली. पॅन्ट तोवर दोनदा धुवून झाली होती.

ग्राइंडिंगबद्दल एकच सांगतो, एप्रिल-मेमध्ये कोकणात फायबर ग्राइंड करू नका. घामाने अंग उघडं ठेवावंसं वाटतं आणि फायबरची धूळ त्या घामात बसते, मग रात्रभर खाज. पहिल्या दिवशी मी गरम पाण्याने अंघोळ केली, त्याने रंध्रं उघडतात आणि काचेचे कण आणखी आत जातात असं मिस्त्रींचं म्हणणं. ते स्वतः काम सुरू करायच्या आधी हाताला टाल्कम पावडर चोपडायचे आणि नंतर थंड पाणी. मास्क मात्र ते लावत नव्हते, मी लावायचो, आणि त्यांनाही लावायला लावला, चार दिवस भांडून. आईने माझे कपडे वेगळे धुवायला काढले, एकदा चुकून बाबांच्या लुंगीबरोबर धुतले गेले त्याची चर्चा अजून होते.

जून आला आणि काम थांबलं. ताडपत्री, वर झावळ्या, आणि चार महिने मी पुण्यात बसून व्हिडिओ बघत होतो. पावसात रेझिन, म्हणजे फायबर चिकटवणारा आणि मग घट्ट होणारा द्रव, लावून उपयोग नाही, दमट हवेत प्लायच ओलं असतं, आणि ओल्या लाकडावर फायबर चढवलं तर आपण पाणी आत कोंडून पुन्हा तीच गोष्ट करतो. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली तेव्हा परत सुरुवात.

रेझिन कुठलं वापरायचं यावर माझे आणि मिस्त्रींचे वाद झाले. मी व्हिडिओ बघून आलेलो, मला इपॉक्सी पाहिजे. इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं हे खरंच आहे, पण किंमत पॉलिएस्टरच्या कितीतरी पट, आणि आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती चॉप्ड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या काचतंतूंची चटई, तिच्यातले तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो. स्टायरिन पॉलिएस्टरमध्ये असतं, इपॉक्सीत नाही, म्हणून इपॉक्सीत ती मॅट नीट भिजतच नाही. शेवटी तडजोड झाली, ट्रान्सम आणि स्ट्रिंगरला व्हिनाइलएस्टर, म्हणजे दोन्हींच्या मधलं रेझिन, डेकला साधं पॉलिएस्टर. आणि जिथे जुन्यावर नवं चढणार तिथे रंग, जेलकोट म्हणजे वरचा चकचकीत थर, सगळं घासून पार खालच्या फायबरपर्यंत जायचं, ॲसिटोनने पुसायचं, मगच थर. नुसतं रंगावर चढवलं तर सालपटासारखं निघतं.

एकदा मिस्त्री चहाला गेले असताना मी शहाणपणा केला. दोन किलो रेझिन एकाच बादलीत घेतलं, हार्डनर अंदाजे ओतलं, ऊन डोक्यावर. पाच-सात मिनिटांत बादली कोमट, मग जेली, मग गरम, मग धूर. बादलीचं बूड वितळून अंगणात बसलं. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं आणि ढीग मोठा असेल तर ती बाहेर पडायला जागाच नसते. तेव्हापासून अर्धा किलो घ्यायचं, त्याला एक टक्का म्हणजे साधारण ५ मिली हार्डनर, औषधाच्या सिरिंजने मोजून. आणि हे खरोखर गंभीरपणे सांगतोय, कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते रसायन, आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनच घ्या.

ट्रान्समचं काम मला सगळ्यात आवडलं. बाहेरची कातडी तशीच ठेवली, आतून कापून सगळं कुजकं खरवडलं, पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून १८ एमएमचे दोन प्लाय. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ते मरीन प्लाय. आयएस ३०३ वालं फर्निचरसाठी ठीक, दुकानदार "वॉटरप्रूफच आहे साहेब" म्हणून तेच गळ्यात मारतो, माझ्याही मारलं होतं, परत केलं. दोन्ही प्लाय रेझिनमध्ये भिजवून एकमेकांना आणि कातडीला चिकटवले, गावातल्या सुताराचे होते-नव्हते तेवढे सगळे क्लॅम्प लावले, दुसऱ्या दिवशी आतून मॅट आणि रोव्हिंगचे, म्हणजे विणलेल्या जाड काचकापडाचे, थर. आता पुढे भोकं पाडताना एक युक्ती, पाहिजे त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते रेझिनच्या पुट्टीने भरायचं आणि वाळल्यावर त्याच्यामधून खरं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टजवळचं सील गेलं तरी पाण्याला प्लाय दिसतच नाही. मूळ कारखान्याने एवढं केलं असतं तर मी हे लिहीत नसतो.

डेकखाली ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी होती. ओल्या फोममध्ये बसून तिला खालून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले, एका ठिकाणी नखाने दाबलं तर पेट्रोलचा वास. ती काढून टाकली आणि सरळ २५ लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या वर ठेवल्या. दिसायला गबाळं, पण दर ट्रिपनंतर उचलून घरी नेता येतात. इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेत पाणी धरतं आणि ते पाणी तळाला बसतं, त्यामुळे मी पेट्रोल साठवतच नाही, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय आणि जुने रबरी पाइप सगळे बदलले, ते आतून चिकट झाले होते.

मशीन जपानी टू-स्ट्रोक, ६० एचपी, तीन सिलिंडर. मला वाटलं हेच भंगार असणार, तर हेच सगळ्यात कमी कुरकुरलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ११८, ११५, ११२, म्हणजे तिन्ही जवळजवळ, त्यावर मेकॅनिक खूश. गियरचं ऑइल मात्र दुधासारखं पांढरं निघालं, पाणी शिरलेलं, सील बदलले. वॉटर पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतला रबरी पंखा, कडक झालेला, थर्मोस्टॅटच्या जागी मिठाचा गोळा. चालू केलं तेव्हा मिस्त्री मागे उभे राहून, मशीन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बघत होते, "मुतता हा मा बरोबर? मग जाता."

वायरिंग उघडलं तर तांब्याच्या तारा हिरव्या पावडरसारख्या, त्यामुळे सगळं काढून कथिल चढवलेली वायर टाकली, प्रत्येक लाइनला फ्यूज, बिल्ज पंपाला, म्हणजे बुडात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला, फ्लोट स्विच थेट बॅटरीवरून. जस्ताचे नवे ॲनोड लावले, मशीनचा धातू गंजायच्या ऐवजी ते झिजतात. कागदपत्रांत तीन महिने गेले, गोव्यातून नाव काढून महाराष्ट्रात लावायची म्हणजे इकडचा दाखला तिकडे, सर्व्हे, लाइफ जॅकेट दाखवा. त्याबद्दल लिहायचा उत्साह नाही.

पैसे विचाराल तर बोट सोडून ४ लाख १० हजार, त्यात माळ्यावरचे ७० हजार धरले तर. त्या पैशात आणखी थोडे घालून गावातल्या यार्डात नवी साधी बोट बांधून मिळाली असती, आणि तीही एका उन्हाळ्यात. हे मला मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हातोडी मारून झाल्यावर, मी ऐकलं नाही.

ऑक्टोबरात उधाणाच्या भरतीला हायड्राने धक्क्यावरून उतरवली. आधी त्याच वजनकाट्यावर मुद्दाम नेली होती, ९४० किलो. नारळ फोडला, खाडीतून बाहेर काढली, किल्ला डावीकडे टाकून थ्रॉटल दिला तर सरळ रेषेत मस्त, वळवली की मशीन नुसतं भुंकायला लागायचं आणि जोर गायब. बोट हलकी झाली तशी पाण्याच्या वर आली, आणि आम्ही मशीन एक भोक वर बोल्ट केलं होतं, त्यामुळे वळताना पंख्यात हवा शिरत होती. मशीनवरची आडवी प्लेट बोटीच्या बुडाच्या रेषेत यायला पाहिजे. परत येऊन एक भोक खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन कोकर आणि एक हाताएवढी सुरमई, इसवण म्हणतो आम्ही. बायकोला फोटो पाठवला, तिने उत्तरात फक्त "मे?" एवढंच लिहिलं.

मिस्त्री त्या दिवशी माझ्यासोबत बोटीवर होते. परत येताना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसले होते, आणि सवयीने खिशातली हातोडी काढून नांगराच्या कप्प्याच्या झाकणावर मारली. ढब. दोघंही काही बोललो नाही. प्लाय आणून ठेवलंय, एप्रिलमध्ये उघडतो.