बबडी गेल्यानंतरचा रविवार

रविवार, रात्र

पडद्याच्या दांडीवरचा हूक आज काढला. बबडीची, माझ्या कुत्रीची, सलाइनची बाटली मी त्याला टांगायचे. किडनी निकामी होत आली की लघवीवाटे पाणी जात राहतं, अंग सुकतं. म्हणून खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत सरकवायची. पाठीवर उंटासारखा फुगवटा यायचा, तासा-दोन तासांत ओघळून एखाद्या पायाकडे उतरायचा. तोवर बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून बसायच्या. राग आलाय हे मला कळायला हवं ना!

शेवटी क्रिएटिनिन, म्हणजे रक्त तपासून किडनीचं काम कळतं तो आकडा, ८ च्या वर गेलं. पुढचं लिहीत नाही.

माणूस गेलं की सगळं ठरलेलं असतं. शेजारून पिठलं-भात येतो, दहा दिवस कुणी कामाचं बोलत नाही. कुत्रं गेलं की दुसऱ्या दिवशी नऊच्या मीटिंगला हजर, आणि वर "दुसरं आण की एखादं". काल रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. समाज ज्याचं सुतक धरत नाही अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ सालीच लिहून ठेवलंय. ब्रिटनमध्ये तर ब्लू क्रॉस ही संस्था अशा लोकांचं ऐकून घ्यायला फोनवर माणसं बसवते. हेवा वाटला.

मग मिरजेकडच्या आत्याचा फोन आला. तिला कुत्र्यांचं काडीचं कौतुक नाही. कुत्रं दारातच बरं, हे तिचं मत. पण तिने विचारलं, "जेवलीस का? कुठं पुरलीस तिला? खड्ड्यात मीठ घातलंस न्हवं?" किती खोल खणलं, कुणी खणलं, सगळं. इतकं नीट कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले.

नंतर ती सर्जाबद्दल बोलली. म्हातारा झाला तरी मामांनी तो बैल विकला नाही. गेला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. त्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी खांदेमळणीला दावणीला एकच बैल. मामा तेल-हळदीची वाटी घेऊन मोकळ्या खुंट्याजवळ उभे राहिले. "मी काय बोलले न्हाई. मग त्यांनी दुसऱ्याचाच खांदा दोनदा मळला."

काळ हे औषध वगैरे तिने काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाली, "तिला फिरवायच्या टायमाला घरात बसू नगंस."

म्हणून सातला खाली उतरले. हातात पट्टा नाही, तर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, "आज एकट्याच?" सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बबडी त्यांच्या कोळशाच्या पोत्यावर रोज कशी नेमकी पाय दुमडून बसायची, याची तक्रार सुरू केली. पोती बदलली, जागा बदलली, बादली आडवी लावली, तरी तिथेच! माझ्यासमोर इतके दिवस भिडेपोटी दाबून ठेवलं होतं बिचाऱ्यांनी. गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं तेव्हा कुठे थांबले.