रक्तस्राव ‘तपासा’

पुण्याजवळच्या एका कारखान्यासाठी प्रथमोपचाराचा फलक इंग्रजीतून मराठीत केला होता. ज्यांच्यासाठी तो लागणार त्यांनी आधी वाचावा, म्हणून छपाईला देण्यापूर्वी प्रिंट घेऊन मी थेट कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर पत्रे दाबून भाग घडवतात त्या विभागात गेले. तिथल्या जुन्या फिटरकाकांनी हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीवर बोट थांबलं.

“रक्तस्राव तपासा. म्हणजे नेमकं काय करायचं, ताई? इथं बोट तुटलं तर रक्त बघत बसायचं?”

मूळ कागद काढला. ‘चेक द ब्लीडिंग’. माझ्या पोटात गोळा आला. चेक म्हणजे तपासणे हे इतकं अंगवळणी पडलेलं, की हात थांबलाच नव्हता. इथे चेक म्हणजे थांबवणे, रोखणे.

खरं तर रोखण्याचाच अर्थ आधीचा. हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला, फारसीतल्या ‘शाह’पासून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत. आपण राजाला ‘शह’ देतो तोही त्याच शाहचा. राजाला अडवणं, मग कशालाही अडवणं, लगाम घालणं. पडताळून बघणं त्यानंतरचं. ओढ्यावरचा चेक डॅम पाणी तपासत नाही, अडवतो. चेक व्हॉल्व्ह पाणी उलटं फिरू देत नाही. हे दोन्ही शब्द मी कितीदा लिहिले होते, तरी रक्ताच्या ओळीपाशी आठवले नाहीत, याची रुखरुख अजून आहे.

तिथेच एका खोक्यावर बसून सगळा फलक पुन्हा वाचला. ‘तपासा’ आणखी तीन ठिकाणी होतं. मराठीत डॉक्टर पेशंटला तपासतात, पण नाडी बघतात. मास्तर पेपर तपासतात, पण गाडीतलं ऑइल आपण बघतो. ‘श्वसन तपासा’च्या जागी ‘छाती वरखाली होते का बघा’ केलं. ‘पेटीतील साहित्य तपासा’चं ‘पेटीतलं सामान दर सोमवारी मोजा’ झालं, कारण मूळ इंग्रजीत आठवड्याचा उल्लेख होता आणि तिथे सुट्टी रविवारची. औषधावरची तारीख मात्र तपासायचीच असते, ती तशीच ठेवली.

रक्ताच्या ओळीसाठी काकांनाच विचारलं, तुम्ही पोरांना कसं सांगाल?

“फडकं दाबून धर, सोडू नको.”

त्यात फक्त ‘स्वच्छ’ घातलं, कारण त्यांच्या हातातलं फडकं ग्रीसने काळं झालेलं होतं. ‘जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. सोडू नका.’ काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.