सोळा मात्रांचं भांडण

माझा एक मित्र आणि मी गेली कित्येक वर्षं एकाच मुद्द्यावर भांडतो आहोत: रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘पिरॅमिड साँग’ची सम नेमकी कुठे पडते?

गाणं सुरू होतं ते नुसत्या पियानोवर. पट्ट्या दाबल्या जातात, थांबतात, पुन्हा दाबल्या जातात. आपण मांडीवर थाप द्यायला जावं, तर पियानो एक तर आधीच येऊन गेलेला असतो, नाही तर अजून यायचा असतो. मित्राचं म्हणणं, याला ताल नाहीच. गायक थॉम यॉर्कचा श्वास जसा चालेल तसं गाणं चालतं. माझं म्हणणं, घाव ३, ३, ४, ३, ३ असे पडतात. बेरीज करा, बरोब्बर १६. सोळा म्हटल्यावर आपल्या कानांनी बिचकायचं कारण काय? शिवाय आकड्यांचा आकार बघा, दोन्ही कडांना लहान आणि मधोमध मोठा, म्हणजे पिरॅमिडच की! मी इथवर आलो की मित्र म्हणतो, “आता तू गाण्याची कुंडली मांडणार,” आणि फोन ठेवतो.

खरं तर दोनेक मिनिटांनी फिलिप सेल्वेचा ड्रम आत येतो आणि निकाल लावून टाकतो. एका झुलत्या चालीत सगळे घाव आपापल्या जागी जाऊन बसतात. पण निकाल लागला म्हणून भांडण मिटतं थोडंच! मित्राची तक्रार आता ड्रमबद्दल आहे. “कोडं घालायचं आणि उत्तरही त्याच पानावर छापायचं?”

या बँडच्या चाहत्यांना इतकं बारीक भांडावं लागतं याला एक कारण आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. इतर बँडच्या चाहत्यांची सोय असते. जुना गिटारवाला गेला आणि मजा गेली, नवा गायक आला आणि सगळं विकलं गेलं, असं म्हणून मोकळं होता येतं. इथे ती वाट बंद आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन शाळेतली पाच मुलं १९८५ साली एकत्र आली. शुक्रवारी तालीम, म्हणून नाव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ मध्ये नाव बदललं, माणसं बदलली नाहीत. यॉर्क, ग्रीनवुड बंधू जॉनी आणि कॉलिन, एड ओब्रायन आणि सेल्वे. चाळीस वर्षं तेच पाच जण. त्यामुळे दोष द्यायला कुणी उपरा सापडत नाही. तीच माणसं, आणि तरी ‘ही ती नव्हेत’ असं सिद्ध करायचं, तर युक्तिवाद बारीक करावाच लागतो.

सगळ्यात मोठी फूट पडली ती २००० साली. १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बमनं ज्यांना वेड लावलं होतं, ते तीन वर्षं गिटारी लखलखायची वाट बघत बसले. आला ‘किड ए’. गिटारी जवळपास गायब. सिंथेसायझर, तुकडे करून उलटसुलट जोडलेला आवाज, ओंद मार्तनो नावाचं एक जुनं फ्रेंच विद्युतवाद्य. आधी सुटं काढलेलं गाणं (सिंगल) नाही, व्हिडिओ नाही. तरीही अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत थेट पहिला नंबर. म्हणजे माघारी फिरलेल्यांची आणि नव्यानं आत शिरलेल्यांची दारात टक्कर.

मी माघारी फिरलेल्यांतला. एकदा ऐकला, अर्धवट ठेवला आणि वर्षभर त्याचं नाव काढलं नाही. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून लावला. पहिल्याच गाण्यात यॉर्कचा आवाज चिंधड्या होऊन फिरत होता, आणि हे मला आधी का आवडलं नव्हतं ते काही केल्या आठवेना. तेव्हापासून मी कट्टर ‘किड ए’वाला. दिंडीत उशिरा सामील झालेला टाळ जरा जास्तच जोरात वाजवतो, तसं माझं आहे. मित्र ‘इन रेनबोज’वाला. “माणसांनी माणसांसाठी केलेला अल्बम” हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यात ‘तुझा यंत्रांनी केलेला’ हा टोमणा गृहीत असतो.

त्या ‘इन रेनबोज’वरून तर वेगळंच पुराण आहे. तो १० ऑक्टोबर २००७ ला आला, म्हणजे दहाव्या महिन्याची दहा तारीख. गाणी दहा. घोषणा झाली ती दहा दिवस आधी. ‘ओके कम्प्युटर’नंतर दहा वर्षांनी. दोन्ही नावांत इंग्रजी अक्षरं दहा-दहा. मग कुणीतरी मांडलं की हे दोन अल्बम म्हणजे संगणकाच्या भाषेतले एक आणि शून्य आहेत, त्यांची गाणी आलटून पालटून ऐकायची असतात. मित्रानं तशी यादी करून मला पाठवली. मी यथेच्छ हसलो. मग गुपचूप ऐकली, आणि दोन-तीन सांधे असे जुळले की मला रागच आला. हे अजून त्याला सांगितलेलं नाही. वर ‘ओके कम्प्युटर’मध्ये गाणी बारा आहेत याची आठवण मात्र मी त्याला न चुकता करून देतो.

हसायचा फारसा अधिकार मला नाही. २०११ मध्ये ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ आला, आठ गाणी, ३७ मिनिटं. एवढंसंच कसं, म्हणून सगळे चक्रावले. शेवटच्या गाण्यात एक ओळ आहे, हे संपलं असं समजत असाल तर चुकताय अशा अर्थाची. झालं! दुसरा भाग येणार यावर आमच्यातल्या निम्म्यांची खात्री पटली. मीही कित्येक आठवडे रोज सकाळी बघत होतो. दुसरा भाग काही आला नाही.

पण खरं भांडण, ज्यात आवाज चढत नाही तर उतरतो, ते एकाच गाण्यावरून होतं: ‘ट्रू लव्ह वेट्स’. यॉर्कनं ते रंगमंचावर पहिल्यांदा गायलं १९९५ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना. हातात अकूस्टिक गिटार, आणि सोडून जाऊ नकोस अशी सरळ विनवणी. २००१ मध्ये त्याचं लाइव्ह ध्वनिमुद्रण निघालं. स्टुडिओतलं मात्र काही केल्या निघेना. एकामागून एक अल्बम येत गेले, आणि प्रत्येक वेळी चाहते गाण्यांच्या यादीत आधी ते एक नाव शोधायचे. शेवटी २०१६ मध्ये ‘अ मून शेप्ड पूल’वर ते अवतरलं, तेही सगळ्यात शेवटी. गिटार नव्हती. एकमेकांवर सांडत जाणारे पियानोचे ठिपके, आणि त्यामागे थकलेला आवाज. शब्द तेच. पण तरुणपणी ती विनवणी दारात उभ्या असलेल्या माणसाला होती. आता दार उघडं आहे आणि माणूस केव्हाच निघून गेलेलं आहे.

“एकवीस वर्षं थांबलो,” मित्र म्हणाला, “आणि हातात राख दिली.” मला नवंच खरं वाटतं. जुनं सुंदर आहे, पण त्यातल्या मुलाला अजून नकार ऐकायचा आहे. त्यावर मित्र म्हणतो, मग तो मुलगा खोटा होता का? इथे मला उत्तर सुचत नाही.

काही जण या वादात यॉर्कचं खासगी आयुष्य पुरावा म्हणून आणतात. अल्बमच्या आदल्या वर्षीच त्याचा दीर्घ सहवास संपला होता, म्हणून गाणं असं झालं, वगैरे. मला हे पटत नाही. गाणं समजायला परक्याच्या घराच्या खिडकीत डोकवावं लागत असेल, तर आपला कान कमी पडतोय.

आणखी एक वाद मात्र मला मनापासून आवडतो. त्या अल्बमवरची अकराही गाणी इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेली आहेत. मग ‘ट्रू लव्ह वेट्स’ शेवटी आलं ते ठरवून, की टी हे अक्षर मागे असतं म्हणून? आम्ही एका बैठकीत यावर दोन तास घालवले.

भांडायला वेळही भरपूर मिळालाय, कारण २०१६ नंतर नवा अल्बमच नाही. २०१९ मध्ये ‘ओके कम्प्युटर’च्या काळातली सुमारे अठरा तासांची खासगी ध्वनिमुद्रणं चोरीला गेली, तेव्हा बँडनं ती स्वतःच विकायला काढली आणि पैसे पर्यावरणाच्या चळवळीला दिले. मित्रानं अठराही तास ऐकले. मी चौथ्या तासाला हात टेकले.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात ‘लेट डाउन’ हे १९९७ चं गाणं छोट्या व्हिडिओंवरून पोराटोरांत पसरलं आणि चक्क अमेरिकेच्या हॉट १०० यादीत शिरलं. जुन्या चाहत्यांची कपाळं आठ्यांनी भरली. पहाटे तीन वाजता एका जुन्या हवेलीच्या नृत्यदालनात ध्वनिमुद्रित झालेलं आमचं गाणं, आणि ते पंधरा सेकंदांत कापून वाटायचं?

त्याच लाटेत माझी भाची या बँडपाशी आली. मित्र बसलेला असतानाच तिनं विचारलं, “मामा, पुढे कुठला अल्बम ऐकू?” मी म्हणालो ‘किड ए’, तो म्हणाला ‘इन रेनबोज’. मी म्हणालो, आधी कान तयार व्हायला हवा. तो म्हणाला, तुझा व्हायला वर्ष लागलं होतं. अर्ध्या तासानं आम्हाला आठवलं की प्रश्न तिनं विचारला होता. ती कानात बोंडं घालून मान डोलावत होती.

“काय ऐकतेयस?”

“‘पाब्लो हनी’. पहिला आहे ना त्यांचा? हाच सगळ्यात भारी आहे.”

जो अल्बम कच्चा आहे यावर सगळ्या पंथांचं एकमत आहे, तो हा. ज्यातलं ‘क्रीप’ ऐकून जग यांना ओळखायला लागलं आणि जे गाणं बँड स्वतःच वर्षानुवर्षं टाळत राहिला, तो हा. मी मित्राकडे पाहिलं. त्यानं खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली.

“हे बघ बाळा,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.