पालथा पगोन : आमची वाटचाल

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक पगोन, म्हणजे सोव्हिएत सैन्याचा खांदेपट्टा, टेबलावर आधी पालथा ठेवला जातो. तारे, मधली रेघ, किनार ही समोरची बाजू लोकांनी पाहावी म्हणूनच शिवलेली असते आणि नक्कल करणाराही आपले सगळे कसब तिथेच खर्च करतो. मागचे अस्तर, पुठ्ठ्याची कड, ताऱ्याच्या दुमडलेल्या पाकळ्या आणि टाक्यांचा दोरा यांच्याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. या पगोनांची पारख आणि विक्री आम्ही पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीतून १९९४ पासून करीत आहोत. एवढ्या वर्षांत ही पालथे ठेवण्याची शिस्त आम्ही एकदाच मोडली. त्याचा हिशेब पुढे येईलच.

मूळचे आम्ही येवल्याचे. घरात पैठणीच्या जरीचा व्यापार होता आणि वडील गिऱ्हाइकासमोर जरीची तार उसवून दाखवीत असत: आत रेशीम आहे की सूत, वर चांदी आहे, तांबे आहे की नुसती चकाकणारी प्लास्टिकची पट्टी. १९८५ मध्ये अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेलो, तेव्हा हे ज्ञान तिथे कामी येईल असे स्वप्नातही वाटले नव्हते. वसतिगृहाजवळ एक वृद्ध शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांचे निम्मे आयुष्य सैनिकी शिवणगृहात अधिकाऱ्यांचे कोट आणि पगोन शिवण्यात गेले होते. माझ्या ओव्हरकोटाचे अस्तर दुरुस्त करून घ्यायला गेलो आणि पुढची सहा वर्षे जात राहिलो. आम्ही विद्यार्थी त्यांना 'त्योत्या' म्हणत असू, म्हणजे आपली मावशीच. या धंद्यातली माझी पहिली भागीदार कोण, असे कोणी विचारले तर मी मावशींचेच नाव सांगेन, जरी त्यांनी माझ्याकडून कधी एक रुबलही घेतला नाही.

१९१७ च्या डिसेंबरात क्रांतीने पगोन रद्द केले, कारण ते झारच्या अधिकाऱ्यांची खूण होते, आणि पुढची पंचवीस वर्षे लाल सैन्याचा हुद्दा आधी बाहीवरच्या आणि पुढे कॉलरवरच्या त्रिकोण, चौकोन आणि आयतांवरून ओळखला गेला. ६ जानेवारी १९४३ च्या हुकमाने, स्टालिनग्राडची लढाई अजून चालू असताना, पगोन परत आले. मावशी तेव्हा तरुण होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या सैन्याने नवी चिन्हे लावायची होती आणि शिवणगृहात दिवसरात्र कात्री चालू होती, हे त्या सांगत. नियमाच्या कागदावरची मापे त्यांना तोंडपाठ होती: साधारण अधिकाऱ्याचा पगोन सहा सेंटिमीटर रुंद, पण डॉक्टर, पशुवैद्य आणि विधी अधिकारी यांचा चारच सेंटिमीटर, कनिष्ठ अधिकाऱ्याचा तारा तेरा मिलिमीटर, वरिष्ठाचा वीस, जनरलचा बावीस. रोजच्या पोशाखात लढाऊ अधिकाऱ्याला सोनेरी पट्टी आणि तिच्यावर चांदीचा तारा, तर तांत्रिक, पुरवठा आणि वैद्यकीय शाखांना चांदीची पट्टी आणि तिच्यावर सोनेरी तारा. रणांगणावर मात्र खाकी पट्टी. तिच्यावरची रेघ लढाऊ अधिकाऱ्यासाठी गडद लालसर आणि बाकीच्यांसाठी तपकिरी. आजही आमच्या भिंतीवर जो तक्ता लावलेला आहे, तो मावशींच्या तोंडून उतरवून घेतलेला आहे.

सोव्हिएत संघ मोडल्यावर मॉस्कोतल्या इझ्माइलोवोच्या बाजारात गणवेशांचे ढीग लागले. निवृत्त अधिकारी स्वतःचे कोट विकत होते. मी जरीवाल्याचा मुलगा असल्याने मला त्या ढिगात जे दिसले, ते इतरांना दिसत नव्हते. चाळीसच्या दशकातली सोनेरी पट्टी खऱ्या धातूच्या तारेने विणलेली असते, म्हणून ती जुन्या पैठणीच्या पदरासारखी काळवंडते आणि हातात घेतली की वजन देते. शेवटच्या काळातली पट्टी धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या धाग्याची, ती वर्षानुवर्षे तशीच पिवळी राहते. तारेही तसेच: जुने पितळेचे, नंतरचे हलक्या ॲल्युमिनियमचे. अर्ध्या मिनिटात दोन ढीग वेगळे होत. त्या काळच्या रशियन नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी वस्तू बाहेर नेताना परवाना लागे. तो मी दर वेळी रांगेत उभा राहून घेतला, याचा मला आजही अभिमान आहे.

मावशींनी शिकवलेल्या खुणा इथे लिहून ठेवतो, कारण नवे संग्राहक पुस्तकी चित्रांवर फार विसंबतात. साध्या शिपायाच्या पगोनावर सोव्हिएत सैन्याची 'एस' आणि 'ए' ही अक्षरे असतील, तर तो १९६९ च्या गणवेश-नियमांनंतरचा आहे. ती अक्षरे असलेला 'बर्लिनच्या लढाईतला' पगोन कोणी दाखवला, तर चहा पिऊन उठावे. स्तार्शिनाची (सार्जंटांमधला सर्वांत वरचा हुद्दा) रुंद आणि अरुंद फीत हातोड्यासारखी जोडलेली असेल तर तो १९६३ पूर्वीचा, कारण त्या वर्षी ती जाऊन एक उभी रुंद फीत आली. उभ्या ओळीत दोन लहान तारे असलेला प्रापोर्शिक (सार्जंट आणि अधिकारी यांच्यामधला हुद्दा) १ जानेवारी १९७२ पूर्वी असूच शकत नाही, आणि तीन तारे असलेला ज्येष्ठ प्रापोर्शिक १९८१ पूर्वी. आर्मी जनरलचे चार तारे १९७४ मध्ये जाऊन त्यांच्या जागी एक मोठा तारा आला. अस्तरावर कारखान्याचा शिक्का आणि किंमत असेल तर ती वाचावी: १९६१ च्या जानेवारीत दहा जुन्या रुबलांचा एक नवा रुबल झाला, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून पगोन त्या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा हे बहुतेक वेळा कळते. आणि एक विनंती: तारे कधीही उपटून 'स्वच्छ' करू नयेत. बढती मिळालेला अधिकारी त्याच पगोनावर नवा तारा बसवीत असे किंवा जुना सरकवीत असे, आणि रिकामे राहिलेले भोक व ताऱ्याखालची न विटलेली सावली यांतून त्या माणसाची नोकरी वाचता येते. आमच्याकडे असा एक ज्येष्ठ लेफ्टनंटचा जोड आहे, ज्यावर तिसऱ्या ताऱ्याखालचे कापड पहिल्या दोन ताऱ्यांखालच्या कापडापेक्षा जास्त विटलेले आहे. तो आम्ही विकत नाही.

आमचा सर्वांत जुना गिऱ्हाईक जर्मनीतल्या लाइपझिगचा. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घरात आम्ही सगळे त्यांना 'गुरुजी' म्हणायचो आणि त्यांना तसे सांगितल्यावर पत्राखाली सहीच्या जागी ते तोच शब्द रोमन लिपीत लिहू लागले. त्यांचे बालपण सोव्हिएत छावणीच्या शेजारी गेले होते. १९९४ च्या ऑगस्टअखेर शेवटच्या रशियन तुकड्या जर्मनीतून निघून गेल्या, तेव्हा छावण्यांभोवतीच्या बाजारांत पगोन किलोने विकले जात होते. पण गुरुजींना ते नको होते. त्यांना फक्त १९४३ ते १९४५ मधले कनिष्ठ अधिकाऱ्यांचे जोड हवे असत, तेही दोन्ही पगोन एकाच माणसाच्या खांद्यावरचे. १९९६ पासून बारा वर्षे त्यांनी वर्षाला चार जोड घेतले. प्रत्येकाच्या ताऱ्याचे माप ते व्हर्नियरने घेत आणि उत्तरात पेन्सिलीने लिहून पाठवीत.

२००७ च्या शरद ऋतूत मॉस्कोच्या एका मध्यस्थाने आम्हाला १९४३ च्या रणांगणी पगोनांचे ६२ जोड दाखवले. गोदामात न वापरता पडून राहिलेला माल, असे त्याचे म्हणणे. मावशी तोवर गेल्या होत्या. परतीचे विमान दुसऱ्या दिवशी होते आणि अतिनील दिवा मी पुण्यातच ठेवला होता. रुंदी बरोबर सहा सेंटिमीटर, तारा तेरा मिलिमीटर, रेघ योग्य त्याच गडद लालसर रंगाची, खाली पट्टा अडकवण्याचा फासही होता. मी मापे घेतली, तारे तोलले आणि पैसे मोजले. माझ्या लक्षात एवढी एकच गोष्ट आली नाही, की ज्या विद्येवर माझा विश्वास होता ती जरीची होती, आणि रणांगणी पगोनात जरीची तारच नसते. तिथे फक्त कापड आणि दोरा बोलतात. ते मी ऐकले नाही.

पुढच्या जानेवारीत, माझ्याकडे सात वर्षे काम शिकलेला एक सहकारी स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी वेगळा झाला आणि हिश्श्यापोटी त्यातले २० जोड घेऊन गेला. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वहीसुद्धा त्याने उतरवून नेली होती, हे मला नंतर समजले. २३ जोड आम्ही जूनपर्यंत विकले. त्यातले दोन गुरुजींना गेले, आणि जूनमध्ये त्यांचे पत्र आले. आरोप नव्हता, दोन छायाचित्रे आणि तीन ओळी होत्या. अतिनील प्रकाशात अस्तर काळे दिसत होते, पण टाक्यांची प्रत्येक ओळ निळसर पांढरी उजळली होती. कापड आणि दोरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती प्रकाशदायी द्रव्ये युद्धकाळच्या सोव्हिएत दोऱ्यात असण्याचे कारणच नाही.

इथे एक खुलासा करतो, कारण दिवा विकत घेतला की लोक लगेच न्यायाधीश होतात. उजळणारा प्रत्येक पगोन खोटा नसतो. एखाद्या विधवेने तो पुढे कधीतरी आधुनिक पावडरीत धुतला असेल तर तीच द्रव्ये कापडात उतरतात. पण मग अस्तर, किनार आणि दोरा सगळेच सारख्या फिकटपणाने उजळते. काळ्या अस्तरावर फक्त टाके उजळले, तर जुन्या कापडावर नवा हात फिरला आहे. आणि न उजळणारा पगोन खरा, असेही नाही. साधा सुती दोरा आजही मिळतो.

त्या आठवड्यात मी सोळा गिऱ्हाइकांना वेगवेगळी पत्रे लिहिली. माल परत येण्याची वाट न पाहता सगळ्यांचे पैसे धाडले. त्यासाठी येवल्याच्या घरातला माझा हिस्सा धाकट्या भावाला लिहून दिला आणि बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवायला चार वर्षे लागली. एका बाजूला दुकानाचे भाडे थकलेले, दुसऱ्या बाजूला रोज एखादे टपाल परत येत होते आणि मी एकेक जोड दिव्याखाली धरून त्याच्या अस्तरावर 'पुनर्निर्मित' असा शिक्का मारीत होतो. हे सगळे मी सहन केले असते. सहन झाले नाही ते दुसरेच. माझ्या जुन्या सहकाऱ्याने उतरवून नेलेल्या पत्त्यांवर, आमच्या दुकानातून नकली माल जातो, असे पत्र धाडले आणि त्याच महिन्याच्या यादीत त्याच गठ्ठ्यातले २० जोड 'अस्सल, १९४३' म्हणून छापले. छायाचित्रेही मीच काढलेली होती. एका पगोनाखाली आमच्या टेबलाची चरा गेलेली कड स्पष्ट दिसते. मी त्याला तीन वेळा लिहिले. उत्तर आले नाही. त्या दोन वर्षांत आमची निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली, आणि त्यातल्या काहींनी पुढे मला लिहिले की, एका हिंदुस्थानी माणसाला रशियन वस्तू कशा कळणार, असे तेव्हा त्यांना सांगण्यात आले होते. ज्याला मी पगोन पालथा धरायला शिकवले, त्यानेच हे सांगावे, याची टोचणी अजून गेलेली नाही.

गुरुजींनी मात्र पैसे परत घेतले नाहीत. त्यांनी लिहिले की, त्या रकमेचा पुढच्या दोन खऱ्या जोडांसाठी आगाऊ भरणा समजावा. ते दोन जोड मला मिळायला चौदा महिने लागले. पाठवण्याआधी मी त्यांच्या प्रत्येक टाक्याचे छायाचित्र काढले.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. आता मुलगी सोबत आहे. टेबलावर दहापट भिंग, दोन तरंगलांबींचे अतिनील दिवे, व्हर्नियर, अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि मावशींची कात्री असते. कात्रीने आम्ही काही कापत नाही. रणांगणी पगोन विकत घेण्याआधी आम्ही तो आता एक रात्र स्वतःकडे ठेवतो, आणि विकणाऱ्याला तेवढा वेळ नसेल तर व्यवहार तिथेच संपतो.

त्या ६२ जोडांपैकी आम्ही विकलेले २३ परत आले आणि न विकलेले १९ आमच्याजवळच होते. सहकाऱ्याने नेलेल्या २० पैकी नऊ जोड गेल्या काही वर्षांत त्यांच्या नव्या मालकांनी तपासणीसाठी आमच्याकडे पाठवले. ते आम्ही मालकांनी मोजलेल्या किमतीला विकत घेऊन पेटीत ठेवले. अकरा जोड अजून बाहेर आहेत. कनिष्ठ लेफ्टनंट किंवा लेफ्टनंटचा खाकी जोड, गडद लालसर रेघ, काळे सुती अस्तर, आणि पालथा धरल्यावर डाव्या कडेने फासाजवळ टाके एकदम दाट झालेले, अशी त्याची ओळख. असा जोड कोणाकडे असेल तर त्याने तो आमच्याकडे पाठवावा. ज्या किमतीला घेतला असेल ती पूर्ण रक्कम आम्ही देऊ, पावती नसली तरी.