कणकेची ओल

आळंदी, पुणे, दिवे घाट, सासवडचे दोन मुक्काम, नीरास्नान. माऊलींच्या पालखीच्या वाटेवरलं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते फलटणच्या पुढे बरडच्या वाटेवरल्या एका दुपारबद्दल.

आधी भुरभुर पाऊस, मग लख्ख ऊन. ओले मोजे पायात तसेच राहिले की टाचेची कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. तो सोलायचा नसतो, हे नवख्यांना किती वेळा सांगावं! फार ताणला असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वरची साल राहू द्यायची, कोरडी पट्टी, कोरडे मोजे. ठणका तरी राहतोच. पण त्या दुपारी ठणक्यापेक्षा दिंडीचा पखवाज जास्त छळत होता.

दमट हवेने शाईच्या पुडीचा, म्हणजे काळा लेप असलेल्या उजव्या तोंडाच्या कातड्याचा, सूर उतरलेला. धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावर थापलेली कणीक नंतरच्या उन्हावाऱ्यात सुकून तडकलेली, त्यामुळे खर्ज गेला होता. वीणा एका सुरात, पखवाज भलत्याच. तोंडात रूपाचा अभंग, मनात शिव्या.

शेजारच्या दिंडीतले एक म्हातारे पखवाजी थांबले. “माऊली, आणा इकडं.” लिंबाखाली बसून त्यांनी पखवाज मांडीवर घेतला. जुनी कणीक खरवडली नाही. ओल्या फडक्याने भिजवून सोडवली, म्हणजे कातड्याला ओरखडा जात नाही. नवी कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल, मीठ-तेलाशिवाय. घट्ट असली तर निसटून पडते, फार सैल असली तर ओघळते. मधे जाड, कडेला पातळ अशी थापली. मग थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचं. जास्त झाली की आवाज बसतो, कमी पडली की घुमत नाही. नंतर वाद्या ताणणाऱ्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी: एक ठोकला की त्याच्या समोरचा, नाहीतर पुडी एका अंगाला ताणली जाऊन दोन सूर बोलते. बारीक फरक पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हलक्या ठोक्याने. पैसे, चहा, काही घेतलं नाही. वरून टाळकऱ्यांना दम दिला, “टाळ तोंडावर तोंड मारू नका, हवा अडकते. कड जरा सरकवून मारा.”

आठ मात्रांचा भजनी ठेका सुरू झाला आणि पावली आपोआप पडू लागली. फोड होता तिथेच होता, पण पाऊल कधी टाकायचं ते आता धूम ठरवत होती. म्हातारी माणसंसुद्धा गौळणीवर उड्या मारायला लागली. हे सुख सुरात लागलेल्या कातड्याचं होतं, असं मी म्हणेन. कुणाला भक्ती कमी वाटली तर वाटो. तेवढ्यात कर्णा लावलेली एक गाडी शेजारून गेली आणि निम्मी दिंडी लयीतून सुटली. या गाड्या वाटेवर येऊच देऊ नयेत.

नातेपुते झालं. सदाशिवनगरच्या रिंगणात, म्हणजे वारकऱ्यांच्या गोलात अश्व धावतो तिथे, सगळ्यांचे डोळे अश्वावर. दौड संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. माझ्या मते पाहावी ती नंतरची टाळ-पखवाजावरची उडी. शेकडो टाळ आणि कितीतरी पखवाज, पण ठेका एकच. लांबच्या टाळकऱ्याने नुसत्या कानावर भरवसा ठेवला की तो मागे पडतो, कारण पलीकडचा आवाज पोहोचायला वेळ लागतो. तिथे पखवाजीच्या हाताकडे बघूनच टाळ मारावा लागतो, आणि पुढे कुणी मोबाइल उंच धरून उभा असेल तर तेही जमत नाही.