बेटं रुजायच्या आधीच मरतात

निपाणीत औषधाचं दुकान असलं की मोबाईलवर फिरणारं प्रत्येक 'शुगर कायमची बरी' आधी आपल्याच काउंटरवर येतं. परवा एक मामा इस्लेट पेशींच्या प्रत्यारोपणाची बातमी घेऊन आले. "अण्णा, तुमच्या पोरीला करून घ्या की हो हे!" आमच्या धाकटीला टाइप 1 मधुमेह आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच होती.

इस्लेट म्हणजे स्वादुपिंडातली बेटं, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके. लँगरहान्सला ती 1869 मध्ये दिसली. दात्याच्या स्वादुपिंडातून ती वेगळी काढायची आणि यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडायची. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये शापिरो यांच्या चमूने सात जणांवर हे केलं, सातही जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं. पुढे बहुतेकांना ते पुन्हा सुरू करावं लागलं, हे मात्र फॉरवर्डमध्ये नसतं.

आपल्याला वाटतं, परकी पेशी शरीर नाकारतं, एवढंच. पण पहिला घाव रक्तच घालतं. पुंजक्यांवरचा टिश्यू फॅक्टर, म्हणजे गुठळी सुरू करणारं प्रथिन, रक्ताला लागला की प्लेटलेट्स चिकटतात, गुठळी धरते, कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं, जागं होतं, पांढऱ्या पेशी तुटून पडतात. पहिल्या काही दिवसांतच निम्म्याहून अधिक पेशी जाऊ शकतात. ज्या वाचतात त्यांची उपासमार वेगळीच. आमच्याकडे तंबाखूचं तरू लावलं की मूळ धरेपर्यंत मान टाकतं, तसंच हे. काढतानाच केशवाहिन्या तुटलेल्या, नव्या यायला दोनेक आठवडे, तोवर ऑक्सिजन अपुरा. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मुळातच नाजूक.

म्हणून पेशी सोडताना हेपरिन देतात, रक्त गोठू नये म्हणून. काही केंद्रं एटॅनरसेप्टही देतात. हे इंजेक्शन मला संधिवाताच्या चिठ्ठ्यांमुळे माहीत. दाह वाढवणारा टीएनएफ ते अडवतं. जोडीला अ‍ॅनाकिन्रा, तसाच दाह वाढवणारा आयएल-1 अडवायला. प्रतिकारशक्तीपासून लपवायला अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या जेलच्या, कवचात पेशी गुंडाळायची कल्पना तर 1980 पासूनची. पण शरीर त्या कवचाभोवतीच जाड तंतू विणतं आणि आतल्या पेशी गुदमरतात.

मामांच्या बातमीतले आकडे व्हर्टेक्स कंपनीचे होते: मूळपेशींपासून बनवलेली बेटं, 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालात पूर्ण मात्रा घेतलेल्या 12 पैकी 10 जण एका वर्षानंतर इन्सुलिनविना. खरंच मोठी गोष्ट. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच, आणि त्या चाचणीत एक रुग्ण बुरशीच्या मेंदूज्वराने गेला. रोजच्या इन्सुलिनवर शाळेत हुंदडणाऱ्या पोरीसाठी हा सौदा मी आज तरी करणार नाही. ज्यांची साखर कळायच्या आत घसरून शुद्धच जाते, त्यांचा हिशोब निराळा.

माझं लक्ष दुसरीकडे आहे. स्वीडनमध्ये एकाच्या दंडाखालच्या, कोपरापुढच्या स्नायूत जनुकं बदललेली बेटं ठेवली. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न देता ती 12 आठवड्यांनंतरही जिवंत होती. मात्रा कमी होती, त्यामुळे त्याचं इन्सुलिन सुटलं नाही. मामांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग अजून झालं नाही म्हणा की!"


नाही झालं. पण पुढची बातमी आली तर आधी मलाच दाखवा म्हटलंय.