तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरच्या ठोक्यांचा आकडा खरा मानायचा का?

शर्यत चालू असताना टीव्हीच्या कोपऱ्यात ड्रायव्हरच्या हृदयाचे ठोके झळकले की प्रश्न ठरलेला: हे खरं असतं का? आणि फॉर्म्युला वनच्या हातमोज्यात सेन्सर असतोच, मग आकडे सरसकट का दाखवत नाहीत?

२०१८ मध्ये आलेला तो हातमोज्यातला सेन्सर मुळात प्रेक्षकांसाठी नाहीच. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा, तळव्याच्या बाजूला शिवलेला. अपघातानंतर नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन वैद्यकीय पथकाला लांबूनच कळावा, हे त्याचं काम. गाडी थांबलेली असते, त्यामुळे ते जमतं.

धावत्या गाडीत अडचण येते. हा सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतो. स्टिअरिंग आवळलं की तळव्यातलं रक्त दाबलं जातं आणि लाट सपाट होते. त्यात गाडीच्या कंपनांची भर. समजा सेन्सर सेकंदाला २५ नोंदी घेतोय आणि स्टिअरिंग सेकंदाला २८ वेळा थरथरतंय. नोंदीत उमटतो तो फरक, म्हणजे सेकंदाला ३, मिनिटाला १८०. शर्यतीत ठोके खरोखरच १८० पर्यंत जाऊ शकतात, म्हणून ही चूक कुणालाच खटकत नाही. मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते.

थेट प्रक्षेपणासाठी छातीचा पट्टा हवा, हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा. तो छातीच्या स्नायूंच्या खाली बांधायचा, हार्नेस (ड्रायव्हरला सीटला बांधणारे पट्टे) घासणार नाही अशा बेताने; नाहीतर प्रत्येक ब्रेकला आलेख उड्या मारतो. इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेला टेकणारे संकेत टिपणारे भाग, आधीच ओले करायचे, कारण घाम सुटेपर्यंत संपर्क कच्चा राहतो. कापडच नव्हे, शिलाईचा दोराही आगरोधक हवा; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. गाडीचं कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं, म्हणून पट्ट्याचे संकेत घेणारा रिसीव्हर कॉकपिटच्या आत ठेवून पुढे वायरने टेलिमेट्रीला, म्हणजे गाडीतली माहिती बाहेर पाठवणाऱ्या यंत्रणेला, जोडायचा.

चित्र आणि आकडा यांची वेळ जुळवली नाही, तर ओव्हरटेकच्या आधीच ठोके चढलेले दिसतात. संकेत बिघडला तर आकडा काढून टाकावा, जुनाच गोठवून ठेवू नये.

आता अर्थाचं. १७५ दिसले की समालोचक लगेच ‘घाबरलाय’ म्हणून मोकळे होतात. पण ठोके उष्णतेने चढतात, अंगातलं पाणी कमी झाल्याने चढतात, मान आणि दंड ताणून धरल्यानेही चढतात. २०२३ च्या कतार शर्यतीतल्या उकाड्यात ड्रायव्हर एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली. अशा दिवशी एका क्षणाचा आकडा काही सांगत नाही. वेग तोच असताना वीस लॅपमध्ये ठोके किती वर सरकले, हे दाखवावं, तेही त्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या कमाल ठोक्यांच्या टक्केवारीत.

सरसकट न दाखवण्याचं कारणही इथेच आहे. असा आलेख प्रतिस्पर्धी संघाने पाहिला, तर कोण थकलाय आणि दबाव कधी वाढवायचा हे त्याला आयतं कळतं. शिवाय ही आरोग्याची माहिती; युरोपच्या कायद्यात तिला विशेष संरक्षण आहे. म्हणून ड्रायव्हरची लेखी संमती तर हवीच, पण शर्यतीच्या मध्येही त्याने रेडिओवर ‘बंद करा’ म्हटलं की आलेख त्याच लॅपला पडद्यावरून गेला पाहिजे.